अप्रेंटिस ते डायरेक्टर : सेटरच्या पुढे गाडी का अडते?

उद्यमबागचा_वारा
मंडळी, बेळगावच्या कारखान्यांचा कुठलाही भाग बघा, उद्यमबाग घ्या, मच्छे घ्या, नावगे, होनगा, काकती घ्या, चित्र एकच. दहावी झाली, दोन वर्षं आयटीआयला फिटर नाहीतर टर्नर, मग वर्षभर अप्रेंटिस. तिथनं ऑपरेटर आणि चार-पाच वर्षांत सेटर, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन लावून देणारा. हात चांगला असेल तर सेटरपर्यंत कुणी अडवत नाही. पुढं मात्र शिफ्ट इनचार्ज डिप्लोमावाला, प्रॉडक्शन मॅनेजर बीई आणि त्याच्या वर एमबीए. मशीन अडलं की तिघंही हाक मारतात त्या सेटरलाच.

माझं मत असं की डिग्रीच्या कागदापेक्षा हिशेब आडवा येतो. पण मत बाजूला ठेवून विचारतो. डिग्रीशिवाय प्लांट हेड, डायरेक्टर या खुर्चीपर्यंत जाता येतं का? मशीनवर शिकवत नाहीत अशा कोणत्या गोष्टी वेगळ्या शिकाव्या लागतात? आणि कंपनीतच चढायचं की दहा वर्षांनी स्वतःची शेड टाकायची? "कष्ट करा, फळ मिळेल" छाप प्रतिसाद नकोत. आकडे द्या, पायऱ्या द्या.

ड्रॉईंग_बघून_बोला
कागदाचं आधी उरकू, म्हणजे पुढं भांडायला मोकळे.

फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर असा दोन वर्षांचा ट्रेड दहावीनंतर केलेल्या मुलाला कर्नाटकात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. डिप्लोमानंतर केईए या राज्याच्या परीक्षा प्राधिकरणाची डीसीईटी ही प्रवेश परीक्षा दिली की बीईच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे २ + २ + ३, दहावीनंतर सात वर्षांत बीई. जीटीटीसी या सरकारी टूलरूम प्रशिक्षण केंद्राचा टूल अँड डाय मेकिंग डिप्लोमा वेगळा, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष कारखान्यात. टूलरूममध्ये त्याला अजून मान आहे.

सीमाभागातल्या पोरांसाठी एक वाट लोक विसरतात. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीतलं गाव, तिथंच राहणं आणि शिकणं, मातृभाषा मराठी, एवढं असेल तर महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण प्रवेशात 'टाइप ई' म्हणून अर्ज करता येतो. कोल्हापूर, सांगली, गडहिंग्लज त्यामुळं उघडतं. दाखले जूनमध्ये पळापळ करून मिळत नाहीत, मार्चमध्येच काढून ठेवा.

अडतं कुठं? डिप्लोमाच्या गणितात. आयटीआयच्या वर्कशॉप कॅल्क्युलेशनमध्ये त्रिकोणमिती आणि टेपर टर्निंगचा कोन येतो, डेरिव्हेटिव्ह येत नाही. वर्गातली बाकीची मुलं पहिल्या वर्षी ते शिकून आलेली असतात. प्रवेशाआधी दोन महिने फक्त त्यावर घालवले तर पुढं बॅकलॉग लागत नाही.

शिफ्टबीचा_चहा
सात वर्षं शिकून परत त्याच मशीनसमोर 'ग्रॅज्युएट ट्रेनी' म्हणून उभं राहायचं, आणि शिकवायला जुना वर्गमित्र. हाहाहा.

मायक्रॉन
@ड्रॉईंग_बघून_बोला, कागदाचं बरोबर. पण सुरुवात अप्रेंटिसच्या वहीपासून होते, आणि तिथंच निम्मी पोरं वर्ष फुकट घालवतात. वहीत लिहिलेलं असतं "टर्निंग केले", दुसऱ्या दिवशी "टर्निंग केले". सुपरवायझर सही ठोकून मोकळा.

वही अशी लिहा. जॉब: ईएन-८ जातीच्या पोलादाचा शाफ्ट, ४० मिमी व्यास, १२० मिमी लांबी. कटिंग स्पीड १५० मीटर प्रति मिनिट. आरपीएम = १००० × १५० ÷ (३.१४ × ४०), म्हणजे साधारण ११९४. फीड, म्हणजे एका फेऱ्याला टूल सरकतं ते अंतर, ०.२ मिमी. एका पासला १२० ÷ (११९४ × ०.२) = अर्धा मिनिट, ३० सेकंद. दोन पास, ६० सेकंद. जॉब लावणं-काढणं ४० सेकंद. सायकल १०० सेकंद.

आता डोकं चालवा. फीड ०.२५ केलं तर पास २४ सेकंदांवर येतो. पण ०.८ मिमी नोज रेडियसच्या इन्सर्टवर (टूलचं बदलता येणारं कापायचं टोक) फीड ०.२ ला पृष्ठभागाची सैद्धांतिक उंची सव्वासहा मायक्रॉनच्या आसपास, ०.२५ ला जवळजवळ दहा. फिनिश बिघडला की इन्स्पेक्शन जॉब परत पाठवणार. म्हणून वाढवायचं तर फक्त रफ पासला. वाचले ६ सेकंद.

आणि ते ४० सेकंद? जॉब धरणाऱ्या, हाताने आवळायच्या चकऐवजी हायड्रॉलिक चक आणि पुढचा जॉब हातात तयार, एवढ्यावर ते २० पर्यंत येतात. वाचले २० सेकंद. बहुतेक सेटर सहा सेकंदांसाठी इन्सर्टचे कॅटलॉग चाळत बसतात आणि या वीस सेकंदांकडं बघत नाहीत. ज्याच्या वहीत दोन्ही आकडे शेजारी-शेजारी आहेत, त्याला पहिल्या वर्षापासूनच वेगळ्या नजरेनं बघतात.

तांबडी_माती
+१. वहीचा फोटो काढून ठेवा. अप्रेंटिसशिप संपली की मूळ वही कंपनीतच राहते, आणि मुलाखतीत आठवणीवर कुणी पैसे देत नाही.

नियमावली
अप्रेंटिसबद्दल थोडं कायद्याचं, कारण घोळ बराच आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात मुलगा शिकाऊ असतो, कामगार नसतो. पण सुरक्षा आणि अपघात भरपाईची कलमं त्याला लागू असतात. कंत्राटी धरून ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक, एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के. आयटीआय झालेल्याला २०१९ च्या नियमांनी किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं, डिप्लोमावाल्याला ८,०००. राष्ट्रीय योजनेत केंद्राचा वाटा २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५००, तो थेट मुलाच्या खात्यावर.

शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र घ्यायचंच. पोर्टलवर करारच नोंदवला नसेल तर वर्षभर घासूनही हाती काही लागत नाही. पहिल्याच महिन्यात कराराचा नोंदणी क्रमांक मागून घ्या. देत नसतील तर तुम्ही अप्रेंटिस नाही, स्वस्तातले हेल्पर आहात.

हिशेबनीस
धागाकर्त्याशी सहमत, अडतं ते हिशेबात. सेटरला जॉब किती मिनिटांत निघतो ते येतं, कितीला निघतो ते येत नाही. ही एक गोष्ट शिकली की प्रॉडक्शन मॅनेजरच्या टेबलाशी बसायला जागा मिळते. मशीन अवर रेट, म्हणजे मशीनचा तासाचा खर्च, काढून दाखवतो. आकडे समजण्यापुरते, आपापल्या शेडचे घाला.

व्हीएमसी (उभं सीएनसी मिलिंग मशीन) ३० लाखांची, आयुष्य ८ वर्षं धरलं. घसारा वर्षाला ३.७५ लाख. व्याज सरासरी १.५ लाख. एकूण ५.२५ लाख. दोन शिफ्ट म्हणजे १६ तास, ३०० दिवस, ४,८०० तास. त्यातले खरे कटिंगचे ७० टक्के, ३,३६० तास.

मशीनचा खर्च तासाला १५६. वीज सरासरी ६ युनिट, ८ रुपयांनी ४८. दोन ऑपरेटर, १८,००० पगार, वर पीएफ-बोनस वगैरे २० टक्के, तासाला १५४. टूलिंग ६०. भाडं, सुपरवायझर, मेंटेनन्स, ऑफिस ८०. बेरीज ४९८. बाजारात ५०० चा दर मिळत असेल तर तुम्ही तरंगताय एवढंच.

आता तेच मशीन एका शिफ्टमध्ये, ६० टक्क्यांनी. तास फक्त १,४४०. मशीन ३६५, वीज ४८, ऑपरेटर १८०, टूलिंग ६०, वरचा खर्च १८७. बेरीज ८४०. दर तोच ५००. तासाला ३४० रुपये खिशातून. मशीन तेच, ऑपरेटर तोच, प्रोग्रॅम तोच. कोटेशन देताना मालक जो दर सांगतो त्याच्यामागं किती शिफ्ट आणि ७० टक्के की ६० टक्के एवढंच असतं, आणि त्यातलं ६० चे ७० करणं सेटरच्या हातात आहे. पण हे त्याला कुणी दाखवत नाही.

लेथवरची_धूळ
हिशेबनीस, हे उद्या सकाळी मालकाला दाखवलं तर प्रमोशन मिळेल का घरी बसायला सांगतील?

हिशेबनीस
घसारा नि व्याज त्यांच्या समोर काढलं तर दुसरं. बंद वेळेचा तक्ता घेऊन गेलात तर पहिलं.

भट्टीवाले_काका
सगळं मशीन शॉपवरच चाललंय, फाउंड्रीला विसरला की वो. बेळगावचं नाव ओतकामानं झालं आणि फाउंड्रीत वर जायची वाट अजून जास्त उघडी आहे. कारण डिग्रीवाली पोरं वाळू-भट्टीजवळ टिकत नाहीत. खरं सांगतोय.

फाउंड्रीत वर जायचा एकच आकडा, रिजेक्शन. हिशेब बघा. १२ किलोचा ग्रे आयर्नचा (साधं बीड) कास्टिंग, रनर-रायझर, म्हणजे धातू आत नेणाऱ्या वाटा, धरून २० किलो धातू ओतावा लागतोय, म्हणजे यील्ड ६० टक्के. दर ९० धरा, तर १,०८० रुपयांचा माल. भट्टीजवळच रिजेक्ट निघाला तर परत वितळवता येतोय, स्क्रॅपचे ४२० सुटतात, तोटा ६६०. तोच ब्लोहोल, म्हणजे वायूनं आत पडलेलं भोक, गिऱ्हाइकाकडं बोअरिंग करताना उघडा पडला, तर त्यांच्या ४५ मिनिटांच्या मशीनिंगचे ३७५ रुपये डेबिट नोट येणार. झाले १,०३५. वर गाडीभाडं. वर शिव्या.

आता कारण शोधायची पद्धत. पावसाळ्यात रिजेक्शन वाढलं की सगळे धातूला दोष देतात. आधी वाळू बघायची. ग्रीन सँड, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूतला, ओलावा ३ ते ४ टक्क्यांत पाहिजे. पाचवर गेला की वाफ बाहेर पडायला जागा मिळत नाही, पिनहोल, ब्लोहोल. कोअर (आतली पोकळी करणारा वाळूचा तुकडा) रात्रभर उघड्यावर ठेवलेला असला तर तोही ओल धरतो. उन्हाळ्यात उलटं, परतीची वाळू गरमच मिक्सरमध्ये जाते, वरची ओल उडते, साच्याच्या कडा ढासळतात आणि कास्टिंगवर वाळूचे डाग. एसजी आयर्न (गोल ग्रॅफाइटचं बीड) ओतत असाल तर मॅग्नेशियम ट्रीटमेंटनंतर घड्याळ लावा. दहा-बारा मिनिटं गेली की परिणाम उतरायला लागतो, ग्रॅफाइट गोल होत नाही. लॅडल क्रेनला लटकत राहिलेला आणि पोरं साचा शोधत फिरताहेत, हे दर पाळीला बघायला मिळतंय.

ज्या मोल्डरनं रोज एका कागदावर तारीख, ओलावा, ओतायचं तापमान, किती ओतले, किती गेले, कशानं गेले एवढं लिहिलं, तो सहा महिन्यांत सुपरवायझरच्या पुढं गेलेला असतो. कागद त्याच्याकडं आहे ना.

अशी_कशी_पिन
काकांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून ठेवलाय. त्यात एक भर. कोणतं कारण जास्त ते मोठ्यापासून लहान असं लावून बघा. वीस कारणांतली दोन-तीनच निम्म्याहून जास्त रिजेक्शन देतात. आधी तेवढीच धरायची.

चौथा_जॉ
सगळे आकड्यांवरच. सेटरचा शिफ्ट इनचार्ज करतात तेव्हा तो पडतो माणसांत. उत्तम सेटर हा बहुतेक वेळा वाईट इनचार्ज, कारण मशीन अडलं की स्वतःच पाना घेऊन घुसतो. बाकीची अकरा मशीनं तेवढ्यात काय करतात? इनचार्जचं काम पाना हातात न घेण्याचं.

पहिल्या तीन महिन्यांत करण्यासारखं सांगतो. शिफ्ट बदलताना पंधरा मिनिटं दोन्ही पाळ्यांचे इनचार्ज मशीनसमोर उभे राहून बोलणार, ऑफिसात नाही. फळ्यावर प्रत्येक मशीनचं टार्गेट, निघालेले पीस, बंद वेळ. बंद वेळेला फक्त पाच कारणं: जॉब नाही, टूल नाही, माणूस नाही, मशीन बिघडलं, सेटिंग चालू. महिन्याभरात दिसतं की बिघाडापेक्षा "सेटिंग" आणि "जॉब नाही" यात जास्त वेळ जातो. सेटिंगमधली जी कामं मशीन चालू असताना करता येतात, टूल जोडणं, ऑफसेट मोजून ठेवणं, फिक्स्चर पुसून बाजूला तयार ठेवणं, ती बाहेर काढा. दीड तासाचं सेटिंग पाऊण तासावर यायला नवीन मशीन लागत नाही.

आणि शेवटचं, कुणाला ओरडायचं असेल तर मशीनसमोर नाही.

पुलाखालचं_पाणी
माणसं म्हटलं तर भाषा आलीच. आपल्याकडं एका पाळीत खानापूर-चंदगडचा मराठी, बैलहोंगल-सौंदत्तीचा कन्नड, वर बिहार-ओडिशाची पोरं. इनचार्जला तिन्ही भाषांत "हात काढ" ओरडता आलं पाहिजे. हे विनोदानं लिहीत नाही, पॉवर प्रेसवर तेवढाच वेळ असतो. सरकारी खात्यांतल्या नोटिसा कन्नडमधून, ड्रॉईंग आणि गिऱ्हाइकाची ईमेल इंग्रजीतून. वर जायचं तर कन्नड वाचता आलं पाहिजे, बोलता येऊन भागत नाही.

ज्वारीची_भाकर
म्हणजे आता आपणच...

संपादक_मंडळ
सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, तिथं जा. इथले तीन प्रतिसाद अप्रकाशित केलेत.

शिफ्टबीचा_चहा
मी कुंदा घेऊन बसलो होतो, मजा घालवली.

किल्ल्याचा_तट
थोडं अवांतर. बेळगावनं हे आधीच करून दाखवलंय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथंच सायकलचं दुकान काढलं, पुढं कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. डिग्री कुठं होती?

ड्रॉईंग_बघून_बोला
किर्लोस्कर अप्रेंटिस नव्हते. मुंबईच्या तंत्रशाळेत मेकॅनिकल ड्रॉईंग शिकवत होते, ती नोकरी सोडून आले. अप्रेंटिसचं उदाहरण हवं तर वॉल्टर क्रायस्लर घ्या. कॅन्सासमधल्या एलिस गावी रेल्वेच्या वर्कशॉपात शिकाऊ मशिनिस्ट, पुढं ब्युइकचा वर्क्स मॅनेजर, १९२५ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी. किंवा मेरी बारा, १९८० मध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्यात कॉलेज शिकता शिकता पार्ट तपासत होत्या, २०१४ मध्ये तिथल्याच सीईओ. पण त्यांनी मधे इंजिनिअरिंग आणि एमबीए दोन्ही केलं, हे लोक सांगत नाहीत.

चौथा_जॉ
आणि क्रायस्लरच्या काळी डीसीईटी नव्हती. चला, मुद्द्यावर.

गेज_आणि_गजरा
मेरी बारांचं नाव निघालं म्हणून. आपल्याकडं मुली डिप्लोमा करून येतात आणि दहा-दहा वर्षं इन्स्पेक्शन टेबलाशीच. २५ मिमीचा एच-७ बोअर आहे, वर २१ मायक्रॉनची मुभा, खाली शून्य, हे डोळे मिटून सांगतील, सीएमएम हे मोजमापाचं यंत्रही चालवतील. पण क्वालिटीतून प्लांट हेड होणं अवघड, कारण प्रॉडक्शनचं टार्गेट आणि पैशाची जबाबदारी कधी अंगावर पडलेलीच नसते. मागायचं ते हे: वर्षभर प्लॅनिंग किंवा सप्लायर डेव्हलपमेंट. गिऱ्हाइकाची तक्रार आली की ८-डी रिपोर्ट (कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा) नुसता भरून न देता त्यातला खर्चाचा आकडाही स्वतः काढायचा. पीपीएपीच्या, म्हणजे नव्या पार्टला गिऱ्हाइकाची मंजुरी घ्यायच्या, १८ कागदांपैकी प्रोसेस फ्लो, एफएमईए (कुठं काय चुकू शकतं त्याचा तक्ता) आणि कंट्रोल प्लॅन हे तीन ज्याला लिहिता येतात, त्याला गिऱ्हाईक नावानं ओळखायला लागतं. हत्तरगीच्या एरोस्पेस पार्कमध्ये जायचं असेल तर एएस-९१०० या विमान उद्योगाच्या गुणवत्ता मानकाची भाषा आत्तापासून वाचा. तिथं जॉब जेवढा महत्त्वाचा तेवढाच त्याचा मागोवा, कोणत्या बारमधून, कोणत्या पाळीत, कुणी कापला.

अशी_कशी_पिन
१००% सहमत. आणि मुलांनीही हेच करावं.

स्वतःची_शेड
तिसऱ्या प्रश्नाला कुणी हातच लावेना. दहा वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर घालवण्यापेक्षा पीएमईजीपी, म्हणजे नव्या उद्योगाला सबसिडीसह कर्जाची केंद्राची योजना, काढा. उत्पादन प्रकल्पाला ५० लाखांपर्यंत. स्वतःचे सर्वसाधारण गटाला १० टक्के, विशेष गटाला ५ टक्के. सबसिडी शहरात १५ किंवा २५, ग्रामीण भागात २५ किंवा ३५ टक्के. १० लाखांच्या वरच्या प्रकल्पाला आठवी पास पुरते. शेड होनगा-काकतीकडं ग्रामीण हद्दीत बसत असेल तर मोठाच फरक. लघुउद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट आहे, एजंटाला पैसे देऊ नका. डायरेक्टर व्हायला आणखी काय पाहिजे? व्हिजिटिंग कार्ड.

हिशेबनीस
@स्वतःची_शेड, कर्ज मशीनला मिळतं, उधारीला मिळत नाही. शेड मरते ती तिथंच.

महिन्याला ६ लाखांचं जॉबवर्क. गिऱ्हाईक ४५ दिवस म्हणतो, देतो ७५ ला. म्हणजे कायम १५ लाख बाहेर अडकलेले. बिलावरचा जीएसटी मात्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, पैसे आले असोत वा नसोत. पगार ७ तारखेला, हप्ता १० ला. पहिल्या सहा महिन्यांसाठी खेळत्या भांडवलाची मर्यादा मंजूर करून न घेता मशीन उतरवणारे दुसऱ्या वर्षी तेच मशीन विकायला काढतात. मशीन उतरवायच्या आधी तीन महिन्यांचा पगार, वीज आणि हप्ता बँकेत बाजूला पाहिजे.

दुसरं, गिऱ्हाइकाचा कच्चा माल चलानवर येतो तो वर्षाच्या आत परत गेलाच पाहिजे. नाही गेला तर ती पाठवल्या तारखेची विक्री धरतात. बुरादा आणि रिजेक्ट पीसही त्या हिशेबात धरायचे. इथं नोंद न ठेवणारे ऑडिटला रडतात.

नियमावली
उशिरा येणाऱ्या पैशावर कायदा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी कराराने जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. मुदत उलटली की बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. २०२३-२४ पासून आयकरातही कलम ४३बी(एच) आलं. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही, दिली त्या वर्षीच. म्हणून मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्या अचानक आठवण काढतात. बिलावर उद्यम क्रमांक छापलाच पाहिजे, नाहीतर त्यांना कळणार कसं?

लेथवरची_धूळ
आणि सरकारच्या पोर्टलवर उशिराच्या पैशाची तक्रार केली की पैसे येतात, पुढची ऑर्डर येत नाही.

स्वतःची_शेड
धूळराव, एकाच गिऱ्हाइकावर जगणाऱ्याला ते होतं. एका गिऱ्हाइकाचा वाटा विक्रीच्या ४० टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही. मग तक्रार करता येते. हिशेबनिसांचं खेळत्या भांडवलाचं मान्य, पण म्हणून शेडच टाकू नये हे अमान्य.

उंबऱ्याच_आत
कंपनीतच चढणाऱ्यांसाठी वरच्या टोकाचं लिहितो, कारण प्रॉडक्शन मॅनेजर ते डायरेक्टर हा टप्पा इथं कुणी घेतला नाही.

प्रॉडक्शन मॅनेजरला विचारतात किती पीस निघाले. प्लांट हेडला विचारतात एवढे पीस काढायला किती पैसे गुंतले. प्रश्न बदलतो आणि बरेच जण जुनंच उत्तर देत राहतात. स्टोअरमध्ये ४० लाखांचा कच्चा माल, मशीनांच्या मधे २५ लाखांचे अर्धवट जॉब, डिस्पॅचला १५ लाखांचा तयार माल, हे ८० लाख व्याज खात बसलेत. ते कमी केले तर विक्री तेवढीच राहून बँकेचं व्याज उतरतं. सेटरमधून आलेला माणूस इथं उजवा ठरू शकतो, कारण अर्धवट जॉब का साचतात ते त्याला ठाऊक असतं. कोणत्या मशीनसमोर रांग लागते, कुठं इनचार्ज आकडे भरायला नको ते पीस काढतो. पण ते रुपयांत सांगता आलं पाहिजे. बॅलन्स शीट आणि नफा-तोटा पत्रक वाचायला सहा महिने पुरतात. कंपनीच्या सीएच्या मदतनिसाबरोबर बसा, त्याला कारखाना समजावून द्या, तो तुम्हाला खाती समजावील.

नवीन मशीन मागताना एका पानाची टिपण लिहा: आज काय अडतंय, किंमत, किती तास भरतील, कोणतं काम मिळालंय, पैसे किती महिन्यांत सुटतील, नाही घेतलं तर काय. पानाच्या वर गेलात तर कुणी वाचत नाही.

आणि डायरेक्टर व्हायची घाई असलेल्यांनी हे वाचून ठेवा. कायद्यानं कारखान्याचा 'ऑक्युपायर', म्हणजे कारखान्यावर शेवटचा ताबा असलेला माणूस, कंपनीत डायरेक्टरच असावा लागतो, १९४८ च्या कारखाना कायद्यातही आणि कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेतही. शॉप फ्लोअरवरून आलेल्या माणसाला कधीकधी आनंदानं डायरेक्टर करतात ते याच सहीसाठी. अपघात झाला की खटला त्याच्या नावावर. सही करण्याआधी प्रेसचे गार्ड, क्रेनची तपासणी, भट्टीच्या पाण्याची लाइन यांवर खर्च मंजूर करायचा अधिकार लेखी घ्या. अधिकार नाही आणि जबाबदारी आहे, असलं पद घेऊ नका.

भट्टीवाले_काका
हे छापून प्रत्येक शेडमध्ये लावा.

पुलाखालचं_पाणी
@उंबऱ्याच_आत, ऑक्युपायरचं माहीत नव्हतं. म्हणजे खुर्ची मिळाली म्हणून पेढे वाटायच्या आधी वकील गाठायचा.

उद्यमबागचा_वारा
एवढे आकडे येतील असं वाटलं नव्हतं, आभार. मूळ प्रश्नाकडं परत येतो. आज सहा वर्षांचा सेटर आहे, आयटीआय झालेला, लग्न झालेलं, कॉलेजला पूर्ण वेळ जाणं शक्य नाही. त्यानं नेमकं काय करावं?

चौथा_जॉ
एकच मशीन धरायचं, आपलं. तीन महिने बंद वेळ आणि रिजेक्शन लिहायचं. मग एक पान घेऊन मॅनेजरकडं.

हिशेबनीस
त्या पानावर रुपये असू देत. मिनिटं कुणाला झोंबत नाहीत.

ड्रॉईंग_बघून_बोला
आणि डिप्लोमा सोडू नका. नोकरी करणाऱ्यांसाठी काही कॉलेजांत सोयीच्या वेळेचे वर्ग असतात, एआयसीटीईची मान्यता बघून घ्या. डिग्रीशिवाय प्लांट हेड होतो, पण त्याच कंपनीत. कंपनी बदलायची म्हटली की पहिल्या चाळणीतच अर्ज गळतो. लहान मालकीच्या कारखान्यात कागद कमी चालतो, मोठ्या कंपनीत जास्त, एवढाच फरक.

नियमावली
या सगळ्याच्या आधी एक. सहा वर्षं सेटर, पण हजेरी कुणाच्या नावावर? कंत्राटदाराच्या मस्टरवर असाल तर पीएफच्या नोंदीत कंपनीचं नावच नसतं, आणि पत्रावर पद 'हेल्पर'. अनुभव मोजताना ती वर्षं धरत नाहीत. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा क्रमांक, टाकून पोर्टलवर बघा कोणत्या आस्थापनेची नोंद आहे, किती महिने भरलेत, नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का. पगारवाढ मागण्याआधी पदनाम बदलून लेखी पत्र मागा.

लेथवरची_धूळ
बघितलं. तीन कंत्राटदार, दोन यूएएन. आता हे एक कसे करायचे?

नियमावली
पीएफच्या सदस्य पोर्टलवर 'वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट' मधून. चालू यूएएनचं केवायसी पूर्ण पाहिजे, जुन्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख पडलेली पाहिजे. ती कंत्राटदारानं टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने उलटल्यावर तुम्हालाच टाकता येते. दोन्हीकडं नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आधी बघा, बहुतेक अर्ज तिथंच परत येतात.

लेथवरची_धूळ
स्पेलिंग तिन्हीकडं वेगळं आहे. बसतो आता.